सरका, फडावरून कोणी आलंय

तिसगावच्या स्टँडजवळ दत्तूचं मोबाईलचं दुकान आहे. दिवाळी झाली की मी राहुरीहून दोन दिवस घरी येते आणि काच बदलायची म्हणून त्याच्याकडे जाऊन बसते. काचेला काही झालेलं नसतं, हे त्यालाही माहीत असतं. तो ती उजेडात धरून बघतो, शर्टाच्या टोकाला पुसून परत देतो आणि स्टूल पुढे सरकवतो. मागे चार्जरच्या खोक्यांआड एक जुना कॉम्प्युटर चालू असतो. त्याचा पंखा दम लागल्यासारखा घरघरतो. तो आवाज कानावर आला की माझं बोलणं तुटतं, आणि दत्तू उगाच कोणाचा तरी मोबाईल उघडून त्यात डोकं घालतो.

या दिवसांत बाहेर रस्त्यावर ट्रक उभे असतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. गोणपाटात गुंडाळलेले कोयते, पत्र्याची पेटी, बाजरीचं पीठ, टोपलीखाली कोंबड्या, दोरीला शेळी, आणि या सगळ्याच्या वर माणसं. डिझेलचा, शेळीचा आणि नव्या चपलांच्या रबराचा असा एक मिळून वास येतो. तो मला लहानपणी फार आवडायचा, हे आता कोणाला सांगायची लाज वाटते. आम्हाला तेव्हा ते सहलीला चालल्यासारखे वाटायचे. आमच्या विहिरीला पाणी होतं, वावरात कांदा होता, म्हणून आम्ही मागे राहायचो. आणि मागे राहिल्याचा आम्हालाच राग यायचा.

दत्तूचा बाप तिसगाव-शेवगाव काळी-पिवळी जीप चालवायचा. एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून त्याने हा कॉम्प्युटर आणला, पोरगं शिकेल म्हणून. दत्तू शिकला, पण भलतंच. त्याने त्यावर एक खेळ बसवला. ठोकळ्यांचं मोकळं जग. माती खणायची, दगड काढायचा, झाड तोडायचं आणि घरं बांधायची. त्यात जिंकायचं-हरायचं असं काही नव्हतं. ते जग दत्तूच्या घरात, पिठाच्या डब्याशेजारी त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं असायचं, आणि आम्ही सगळे घरच्यांच्या मोबाईलवरून त्यात शिरायचो. केबलवाल्याचं नेट होतं. लाईट गेली की गावच जायचं, म्हणून दत्तू इन्व्हर्टरला जीपची बॅटरी जोडायचा. मग सकाळी जीप ढकलायला आम्हीच.

आम्ही तिथे आमची वाडीच बांधली होती. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, शाळेमागचा ओढा. खऱ्या ओढ्याला चार महिनेही पाणी नसायचं, खेळातल्या ओढ्याला बारमाही. शाळेला आम्ही घंटा बांधली, वर्ग बांधायचा कंटाळा केला.

कॉम्प्युटर जुना. दहाच्या वर माणसं शिरली की तो गुदमरायचा, चालणारा माणूस हवेत अडकून राहायचा. म्हणून दत्तूने हद्द घातली होती. एका फाईलमध्ये एक ओळ, तिच्यापुढे आकडा. तेवढीच माणसं आत, बाकीच्यांना बाहेर पाटी दिसायची की जागा नाही. आम्ही त्यांना शिटा म्हणायचो, जीपमुळे. दत्तूच्या बापाला हे भारी मजेचं वाटायचं.

"धा? धाच शिटा?" तो दारात पाय धुता धुता म्हणायचा. "माज्या गाडीत इचार. अजून दोन बसत्याल म्हनंल. ह्या डब्याला म्हनावं सरकून बसा जरा."

"ते सरकत नस्तंय, आबा," दत्तू म्हणायचा.

"सरकत न्हाई आसं काय नस्तंय," बाप म्हणायचा आणि जेवायला बसायचा.

दिवाळीनंतर वाडी अर्धी व्हायची. वर्गातले बाक रिकामे पडायचे. घरांना कुलपं लागायची, म्हाताऱ्या ओट्यावर उन्हाला बसायच्या, आणि मागे राहिलेली कुत्री आठवडाभर रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. वाऱ्याला तुरीच्या फुलांचा वास असायचा. त्या वासाबरोबर मला अजून कुलूपच आठवतं.

आशा माझ्या बाकावर बसायची. तीही जायची, आईबापाबरोबर. मोळ्या बांधायला, धाकट्या बहिणीला सांभाळायला, स्वयंपाकाला. परत यायची तेव्हा तिचे हात असे झालेले असायचे की सातवीत तिने माझी वेणी घातली तर केस अडकायचे. ती जोरात हसायची, उत्तरं फटकन द्यायची, आणि गणितात मला मागे टाकायची. ती सहा महिने गेली की माझा बाक नुसता रुंद व्हायचा.

उसाच्या फडावरून तिला खेळात यायचं म्हणजे एक दिव्य असायचं. मोबाईल बापाचा. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज झालेला. रेंज मिळायची ती उसाने भरलेल्या ट्रॉलीवर चढलं तर. तेही मोळ्या भरून झाल्यावर आणि भाकरी टाकायला बसायच्या आधी, तेवढ्याच वेळात. आणि इतकं करून ती यायची तर दारावर पाटी, जागा नाही. आत आम्ही वाडीतलेच दहा जण, घरात पाय पसरून, ओढ्यातले मासे मोजत बसलेलो.

एका संध्याकाळी तिने दत्तूला फोन लावला. मी तिथेच होते. स्पीकर नव्हता तरी ऐकू आलं.

"आमी हितं ट्रालीवर उभं, आन तुमी घरात बसून शिटा आडवताय व्हय? लाज हाय का?"

"भरलंय गं. मी काय करू?"

"तुजा बा काय करतो? म्हातारं मानूस आलं की जवान पोराला उठवतो का न्हाई?"

त्या दिवसापासून आमची रीत पडली. फडावरचं कोणी आलं की त्याने दत्तूला मिस कॉल द्यायचा. दत्तू आत सगळ्यांना दिसेल असं लिहायचा: सरका. की वाडीतल्या एकाने मुकाट उठायचं, खेळातून बाहेर पडायचं. कोणी उठायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. आम्ही पोरं पेरूवरून डोकी फोडणारी होतो, त्यामुळे हे मला आजही नवल वाटतं. भांडण एकच व्हायचं. आशाचा मिस कॉल आला की मीच आधी उठायचे, आणि ती आत येऊन ओरडायची की हिला कशाला उठवलं, मी काय या माकडांना भेटायला आले का? मग कोणीतरी दुसरा हसत बाहेर पडायचा आणि मी परत आत. शेवटी दत्तूने जाहीर केलं, आशा आली की हिने उठायचं नाही.

एक उठायचा, एक यायची. त्यामुळे आशा आली हे दहाही जणांना कळायचं. देवळात असलेला, ओढ्यावर असलेला, सगळे तिच्या घराकडे पळत यायचे.

घर म्हणजे, तिने घर बांधलंच नव्हतं. सगळ्यांनी किल्ले बांधले, माड्या चढवल्या. तिने पहिल्यांदा बांधलं ते न्हाणीघर. चार भिंती, वर पत्रा, आणि दार. आम्ही तिला फार चिडवलं. गावात राहायला घर नाही आणि न्हाणीघर बघा म्हणालो. तिने आमच्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं एकच लागून राहिलं होतं, दाराला आतून कडी लागली पाहिजे. त्या खेळात कडी नव्हती. दत्तूने दोन दिवस खटपट करून लोखंडी दार बसवलं. एकदा लावलं की ते आतल्या बटणानेच उघडायचं. ती आत गेली, दार लावलं, आणि किती तरी वेळ बाहेर आली नाही. आम्ही बाहेर उभे राहून तिला हाका मारत होतो. तिने आतून लिहिलं, थांबा की जरा, बरं वाटतंय.

तेव्हा मी हसले होते. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या पोरीला आंघोळीला आडोसा कसला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता वाटतं, इतकं जवळ असून आम्ही किती लांब होतो.

कधी कधी ती आत येऊन नुसती उभी राहायची. बोलायची नाही, हलायची नाही. कळायचं की पोरगी मोबाईल हातात धरून झोपली. शीट तेवढी अडलेली. पण तिला कोणी बाहेर काढलं नाही. बंड्या नावाचा एक वात्रट पोरगा होता, तोसुद्धा तिच्याभोवती ठोकळ्यांची भिंत उभी करून द्यायचा, खेळातली जनावरं तिला धक्का देऊ नयेत म्हणून.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की टोळ्या परत. मग खेळ ओस पडायचा, कारण सगळे खरोखरच ओढ्यात असायचे. वर्षं अशीच उलटी चालायची आमची. वाडी भरली की खेळ रिकामा, वाडी रिकामी की खेळ भरलेला.

मग आशाचं लग्न झालं. दहावीचा निकाल लागायचा होता. तिकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मजुरीच्या हिशोबात एकट्याचा कोयता अर्धा, म्हणून मुलाच्या घरच्यांना घाई होती. मांडवात मी तिच्या शेजारी बसले होते. हळदीचा वास, तेलाच्या भज्यांचा वास, आणि तिच्या कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नवऱ्याचा मोबाईल टच हाय. बघितला मी." एवढं एकच तिने मला त्या दिवशी सांगितलं. मी तिचा हात घट्ट धरला, आणि मला रडू आलं म्हणून तिनेच मला दटावलं.

त्या हंगामात ती दुसऱ्याच कारखान्यावर, सासरच्या टोळीत. मिस कॉल यायचे, पण कमी. आली की फार थोडा वेळ. न्हाणीघरात जायची, दार लावायची, बाहेर यायची, माझ्याशी चार शब्द बोलायची आणि बोलता बोलता नाहीशी व्हायची. मोबाईल कोणीतरी मागितलेला असायचा.

त्याच हिवाळ्यात दत्तूने कॉम्प्युटरला नवे भाग बसवले. त्याला कोण आनंद झाला होता. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, ती ओळ उघडली आणि दहाचे पन्नास केले. म्हणाला, आता कोणाला उठायला नको, फडावरून शंभर मिस कॉल आले तरी. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं. त्याचा बाप म्हणाला, "बगा, सरकलं का न्हाई शेवटी." शेवगावची पोरं आली, राहुरीच्या हॉस्टेलची आली, कुठकुठची नावं दिसायला लागली. आमच्या वाडीत दुकानं झाली, रस्ते झाले, ओढ्यावर कोणीतरी पूल टाकला. दिवसभर गजबज. आम्ही फुशारकीने सांगायचो की हे आमचं गाव आहे.

आशा एकदा आली. मी होते. तिने लिहिलं, आता मिस कॉल नको का? दत्तूने लिहिलं, नको, थेट ये, जागाच जागा आहे. ती थोडा वेळ गर्दीत उभी राहिली. मग तिने लिहिलं, लई माणसं झाली. आणि गेली.

त्यानंतर सरका हा शब्द आमच्या तोंडून गेला. उठायचं काही कारणच उरलं नाही. कोण आलं, कोण आलं नाही, हे कळायचा जो एक मार्ग होता तो आम्हीच मोठ्या आनंदात बंद केला. मला वाटायचं, ती मी नसताना येत असेल. दत्तूला वाटायचं, ती माझ्याशी बोलत असेल. बंड्याला वाटायचं, एवढ्या गर्दीत आपल्यालाच दिसली नसेल. संक्रांत झाली. एक दिवस मी विचारलं, आशाला कोणी बघितलं का? मग मीच तिच्या न्हाणीघराकडे गेले. न्हाणीघर परक्या पोरांच्या दुकानांमागे गेलं होतं आणि त्याच्या दारापुढे कोणीतरी माती टाकून ठेवली होती. आतून बटण दाबलं असतं तरी दारापुढचा ढीग हलला नसता. बऱ्याच दिवसांत त्या दारातून कोणी आलं-गेलं नव्हतं.

बातमी त्यानंतर आठवड्याभरात आली. आशा गेली. काय झालं, कसं झालं, ते मी लिहिणार नाही. जेवढी तोंडं तेवढ्या गोष्टी होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. तिची आई परत आली तेव्हा तिच्या लुगड्याला पाचटाचा वास होता आणि ती कोणाशी बोलत नव्हती. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तिची धाकटी, मनी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. एवढंच.

दत्तूने सगळ्या परक्यांना हाकललं. दुकानं पाडली, पूल पाडला, न्हाणीघराच्या दारातली माती एकट्याने उपसली. पन्नासचे पुन्हा दहा केले, आणि आता ज्याचं नाव तो स्वतः लिहील त्यालाच आत येता येईल अशी सोय केली. मी त्याला म्हटलं, आता कशाला? तो म्हणाला, आता तरी. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

पुढे एकेक जण उतरत गेला. बंड्या चाकणला कंपनीत लागला, एक सैन्यात गेला, पोरींची लग्नं झाली. ज्याचं येणं सुटेल त्याची शीट दत्तू काढून टाकायचा. आकडा एकेक करत खाली आला. तीनवर आला. दत्तू, मी आणि बंड्या. बंड्या गेल्या वर्षी एकदा आला होता.

यंदा मी स्टुलावर बसले होते आणि दत्तू माझी न फुटलेली काच पुसत होता, तेव्हा आशाची आई दुकानात आली. बाहेर त्यांचा ट्रक भरत होता. मावशी फार वाळल्या आहेत. हातात मोबाईल होता, नवीन, त्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढला नव्हता.

"दत्तू, ह्यात कारड टाक बाबा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तू कवा आलीस गं? बरी हायेस ना?"

"बरी हाय, मावशी. तुम्ही निघालात?"

"व्हय. आवंदा मनी बी हाय." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "तिचं जमलं. पावनं बघून गेलं. हितलं आवरलं, आता फडावरच लगीन उरकायचं. तिची सासरची टोळी बी त्याच कारखान्यावर हाय. तिलाच घेतलाय ह्यो मोबाईल."

मी स्टुलावरून उठले. मग एकदम सगळंच बोलले. मनी नववीत आहे, मावशी. शेवगावला मुलींचं वसतिगृह आहे, मी स्वतः जाऊन विचारते. माझ्याबरोबर राहुरीला पाठवा. एक वर्ष थांबा. आवाज चढला माझा, दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

मावशींनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हातारी व्हती तवर ठिवली पोरीला घरी. म्हातारी गेली. सा म्हयनं कुलपाच्या घरात एकटी पोरगी कुनापाशी ठिवू? तू ठिवशील, म्हयनाभर. तुज्या घरची काय म्हनत्याल?"

"माझ्या आयपाशी ऱ्हाईल," दत्तू म्हणाला.

"घरात जवान पोरगं आसताना? लोक काय म्हनत्याल, दत्तू?" त्या रागावून बोलल्या नाहीत. पुष्कळ वेळा स्वतःशी बोलून झालेलं आता आम्हाला सांगत होत्या. "शब्द दिलाय. ते जाऊ दे. मी दुसऱ्या कामाला आले." त्यांनी मागच्या खोक्यांकडे बोट केलं. "त्यो तुमचा खेळ चालू हाय का आजून?"

दत्तूने मान हलवली.

"आशी ट्रालीवर चढून हसायची त्यात. मी खालून भाकरीला हाका मारायची, अन् ही आपली हसतीय. तेवढीच हसायची." त्या दत्तूकडे वळल्या. "मनीला बी त्यात जागा दे. तिकडं तिला कोन हाय?"

दत्तूचा हात काचेवर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "जागा न्हाई, मावशी. भरलंय."

मी त्याच्याकडे बघितलं. मागच्या पडद्यावर आमची वाडी दिसत होती, देऊळ, टाकी, ओढा, आणि कुठेही एक माणूस नाही. मावशींना ते दिसलं की नाही कोण जाणे. त्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आयुष्यभर त्या भरलेल्या गाड्यांना हात करत आल्या आहेत.

"बरं," त्या म्हणाल्या. "कुनी उतरलं तर कळव. पोरगी थांबंल."

कार्ड टाकलेला मोबाईल घेऊन त्या गेल्या. ट्रकवर मनी बसलेली होती, पेटीवर, शेळीची दोरी हाताला गुंडाळून. आईने वर हात करून तिला मोबाईल दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच त्यावरचा प्लास्टिकचा कागद काढायला लागली. ट्रक हलला. मी दारात उभी होते. तिने मला बघून हात केला, आणि मीही केला.

आत आले तेव्हा दत्तू कॉम्प्युटरपुढे बसला होता. ती ओळ उघडलेली होती. किती वर्षांत तो आकडा फक्त खालीच येत गेला होता. त्याने तीन खोडले, चार केले, आणि तसाच बसून राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्याचा राग आला होता, मावशींचाही आला होता, आणि त्या रागाला कुठे जायला जागा नव्हती.

"नाव काय टाकू?" त्याने मागे न बघता विचारलं. "मनीच टाकू का?"

"मनीषा टाक," मी म्हटलं. "शाळेत तेच लावतात."